साठीची बुद्धी आणि मोजणाऱ्याची पट्टी

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सत्तर वर्षे व त्यावरील वयाच्या सर्व नागरिकांना, त्यांचे उत्पन्न काहीही असो, ‘आयुष्मान भारत’ योजनेत सामावून घेण्याचा निर्णय केला. कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तरतूद तीत आहे. खुब्याचे हाड मोडले किंवा हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागली, तर वृद्धाला मुलांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, हा त्यामागील हेतू स्वागतार्हच आहे. परंतु या योजनेची सारी रचना रुग्णालयात दाखल होणाऱ्या रोग्याच्या हिशेबाने झालेली आहे. ज्याला रात्र रात्र झोप नाही, ज्याचे कशातच मन लागत नाही, ज्याला कालचे आठवत नाही आणि आठवत नाही याचीच ज्याने धास्ती घेतली आहे, अशा वृद्धाला बहुधा खाटेची गरज नसते. त्याची नीट तपासणी करणारा आणि आठवड्यातून एकदा त्याच्याशी घटकाभर बोलणारा जाणकार माणूस त्याला हवा असतो. वार्धक्यातील मनाचा प्रश्न आपल्या धोरणाच्या उंबरठ्याबाहेरच उभा राहिला आहे, तो असा.

या प्रश्नाचा आकार लहान नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील माणसे सुमारे १० कोटी ३८ लाख होती; महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण शेकडा ९.९ होते आणि ते तेव्हापासून वाढतच गेले आहे. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार साठीवरील शेकडा ७.४ लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. नैराश्याने ग्रासलेले वृद्ध यांखेरीज आहेत. हे दोन विकार एकमेकांची सोंगे घेतात, ही यातील मोठी अडचण होय. नैराश्यात बुडालेला वृद्ध विसराळू वाटतो, आणि स्मृतिभ्रंशाच्या आरंभी असलेला वृद्ध उदास व अबोल होतो. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मूत्रमार्गातील जंतुसंसर्ग किंवा झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक यांमुळेही म्हातारा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो आणि योग्य उपचार होताच पूर्ववत होऊ शकतो. कोणाला काय झाले आहे हे ओळखणे म्हणूनच प्रथम महत्त्वाचे, आणि घोडे पेंड खाते ते तेथेच.

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, वृद्धाच्या मनात काही बिघडले असेल ही शंकाच घरात कोणाला येत नाही. ‘वय झाले’ या दोन शब्दांत निदान उरकते. या समजुतीचा दोष केवळ अडाणीपणावर टाकता येणार नाही. मानसोपचाराच्या शास्त्रानेही दीर्घकाळ तीच समजूत शास्त्रीय भाषेत मांडली. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०४ साली व्हिएन्नातील डॉक्टरांपुढे केलेल्या व्याख्यानात असे प्रतिपादन केले की, पन्नाशीच्या आसपास वा पुढे मनोव्यापारांतील लवचीकपणा संपतो आणि म्हणून अशा माणसांवर ही उपचारपद्धती चालत नाही. त्या वेळी फ्रॉइड स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आपल्या सिद्धांतात मोठा फेरफार करणारा ‘द ईगो अँड द इड’ हा ग्रंथ त्यांनी पुढे वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९२३ साली प्रसिद्ध केला. ज्यांच्या स्वतःच्या मनाचा लवचीकपणा इतका टिकला, त्यांचेच मत मात्र वृद्धांना उपचारकक्षाबाहेर ठेवण्यास पुढे कित्येक दशके कारणी लागले.

या मताला धक्का बसला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मनुष्याच्या मानसिक वाढीच्या आठ अवस्था सांगितल्या आणि त्यांतील शेवटची वार्धक्याची ठरवून वाढ म्हातारपणीही थांबत नाही, असे सुचविले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली असे दाखवून दिले की, वृद्ध माणसे जुन्या आठवणी पुन्हा पुन्हा उगाळतात हे बुद्धी ढळल्याचे लक्षण समजण्याचे कारण नाही. आयुष्याचा जमाखर्च मांडण्याचा तो मनाचा स्वाभाविक प्रयत्न असतो आणि उपचारासाठी त्याचा उपयोग करून घेता येतो. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला ‘एजिझम’ हे नावही बटलर यांनीच १९६९ साली दिले. वृद्धांवर मानसोपचार चालतो की नाही हा वाद आता शास्त्रापुरता संपल्यासारखा आहे. उरला आहे तो प्रश्न असा की, जी साधने तरुण, शिकलेल्या आणि बव्हंशी पाश्चात्त्य माणसांसाठी घडविली गेली, ती आपल्याकडील सत्तर वर्षांच्या माणसाला लावावयाची कशी?

चाचणीपासूनच आरंभ करू. स्मरण व आकलन तपासण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली गेलेली चाचणी १९७५ साली मार्शल फोल्स्टाइन, सुसान फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू यांनी अमेरिकेत तयार केली. ती तीस गुणांची असून चोवीसच्या खाली गुण पडल्यास शंका घ्यावी, असा संकेत रूढ झाला. तीत तारीख विचारतात, शंभरातून सात वजा करीत जाण्यास सांगतात, कागदावरील सूचना वाचून तसे करावयास आणि एक वाक्य लिहावयास लावतात. ज्याने शाळेचे तोंड पाहिले आहे त्याला यात वावगे वाटणार नाही. ज्याने पाहिलेले नाही त्याचे कित्येक गुण मेंदूची परीक्षा होण्यापूर्वीच बुडालेले असतात.

हा केवळ तर्क नव्हे. खुद्द अमेरिकेत अठरा हजारांहून अधिक प्रौढांच्या गुणांचा जो अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला, त्यात नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचा मध्यांक २९ निघाला, पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचा २६, आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचा अवघा २२. म्हणजे चोवीसची रेघ सर्वांना सारखी लावली, तर अल्पशिक्षितांतील निम्म्याहून अधिक माणसे त्या रेघेखाली जातात. आता आपल्याकडील स्थिती पाहावी. २०११ च्या जनगणनेनुसार साठीवरील भारतीयांपैकी शेकडा ४४ जण साक्षर होते; पुरुषांत हे प्रमाण ५९ आणि स्त्रियांत अवघे २८ होते. जिने साठ वर्षे शेत, गुरे, चूल आणि बाजाराचा हिशेब डोक्यात सांभाळला, तिला आजच्या इंग्रजी महिन्याची तारीख विचारावी, आणि तिने ‘काल एकादशी झाली’ असे उत्तर दिले म्हणून शून्य गुण द्यावेत, यात बुद्धी कोणाची नाठी म्हणावयाची? तिथी सांगणाऱ्या त्या बाईला काळाचे भान आहे. तपासणाऱ्याच्या हातातील कागदावर त्या भानासाठी रकाना नाही, एवढेच.

या दोषाचे निवारण करता येते, हेही आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. हरियानातील बल्लभगड येथील खेड्यांत भारतीय व अमेरिकन संशोधकांनी मिळून या चाचणीचे हिंदी रूप तयार केले आणि ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. ते नुसते भाषांतर नव्हते. वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलट क्रमाने म्हणावयास सांगितले. सूचना वाचून कृती करण्याऐवजी तपासणाऱ्याचे पाहून तशीच कृती करावयास लावली. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगण्यास सांगितले. लक्ष, आकलन आणि भाषा यांचीच परीक्षा झाली, पण ती शाळेच्या वाटेने झाली नाही. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक भाषांत एकाच मापाने वापरता येतील अशा चाचण्यांचा संच विकसित केला. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या होत्या. त्या पाचांत मराठी नव्हती, याची खंत ज्यांनी बाळगावयास हवी त्या विद्यापीठांत व वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची फारशी वाच्यता झाली नाही. मराठीत काही चाचण्यांची भाषांतरे वापरात आहेत. परंतु भाषांतर ही पहिली पायरी झाली. चौथी शिकलेली कोकणातील आजी, निरक्षर शेतमजूर आणि निवृत्त कारकून यांचे सामान्य गुण किती असतात, याची वय व शिक्षणानुसार कोष्टके हाती असल्याखेरीज कोणत्याही भाषांतरित चाचणीच्या आकड्याला अर्थ येत नाही.

याच चुकीची दुसरी बाजू सुशिक्षितांच्या वाट्याला येते. चाळीस वर्षे वर्गात शिकविलेला मुख्याध्यापक अशा चाचणीत सहज अठ्ठावीस गुण मिळवील. घरी तो गॅस बंद करण्यास विसरतो, ठरलेल्या रस्त्यावर चुकतो, बँकेच्या पासबुकातील नोंदी त्याला उमगेनाशा झाल्या आहेत, हे पत्नीने सांगितले तरी कागदावरचा आकडा तिला खोटे पाडतो. शिक्षणाने अंगवळणी पडलेली उत्तरे विकाराला काही काळ झाकून ठेवतात. म्हणून शहाणा तपासनीस गुणांवर न विसंबता दैनंदिन व्यवहारांची चौकशी करतो, आणि तीही रोग्याकडे व घरच्यांकडे वेगवेगळी करतो.

नैराश्य तपासण्याच्या प्रश्नावल्यांची गोष्ट याहून नाजूक आहे. वृद्धांसाठी म्हणून मुद्दाम तयार झालेली तीस प्रश्नांची एक प्रश्नावली १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत पुढे आली आणि तिच्या संक्षिप्त आवृत्त्या आजही चालतात. उत्तरे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात द्यावयाची असल्याने ती सोपी आहे. परंतु बाहेर पडून नवे काही करण्यापेक्षा घरी राहणे बरे वाटते का, अशा आशयाचा प्रश्न जिच्या आयुष्यात बाहेर पडणे म्हणजे विहीर, शेत आणि वर्षातून एकदा जत्रा एवढेच होते, तिला विचारला तर ‘हो’ या उत्तराचा अर्थ काय लावावा? मराठी वृद्धाच्या बोलण्याची रीतही ध्यानात घ्यावी लागते. ‘आता देवाने डोळे मिटवावेत’ हे वाक्य कित्येकदा तृप्त म्हातारपणाचे असते, आणि कधी तेच खरोखरीच्या हताशेचे असते. दोहोंतील फरक प्रश्नावलीला कळत नाही. पुढचा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कळतो. उलट, जो खरोखर खचला आहे तो ‘मी उदास आहे’ असे बहुधा म्हणतच नाही. त्याचे हातपाय गळतात, छातीत धडधडते, अन्नावरची वासना उडते, करमत नाही. तो हृदयतज्ज्ञाकडे जातो, तेथून पोटाच्या डॉक्टरकडे जातो, आणि औषधांची पिशवी मोठी होत राहते.

साधनांइतकेच महत्त्व तपासणीच्या रीतीला आहे. ज्याला ऐकू कमी येते त्याने प्रश्न ऐकलाच नाही, तर उत्तर चुकणारच. आणि मोतीबिंदू झालेल्याला चित्र ओळखता येणार नाही. तेव्हा कान, डोळे, चष्मा आणि चालू औषधे यांची विचारपूस आधी, चाचणी मागाहून, हा क्रम हवा. रात्रभर जागलेल्या माणसाची भर दुपारी एका बैठकीत दोन तास परीक्षा घेण्यापेक्षा सकाळच्या दोन छोट्या बैठकी चांगल्या. सोबत आलेला मुलगा किंवा सून सगळी उत्तरे परस्पर देत असेल, तर त्यांना नम्रपणे काही वेळ बाहेर बसविण्याचे धैर्य तपासणाऱ्याजवळ असले पाहिजे. घरात काय चालले आहे ते म्हातारा माणूस घरच्यांदेखत सांगणार नाही. आणि ‘आजी, आजोबा’ म्हणताना लहान मुलाशी बोलावे तसा लाडिक सूर लावणे हाही एक प्रकारचा अवमानच होय. नात्याचे संबोधन आणि ‘तुम्ही’चा आदर ही दोन्ही मराठीत एकत्र नांदू शकतात.

उपचारातील फेरफारही याच जातीचे आहेत. विचार व वर्तन यांच्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीत रोग्याने आपल्या विचारांची नोंद ठेवावी, घरी काही अभ्यास करावा, अशी अपेक्षा असते. वृद्धाच्या बाबतीत गती मंद ठेवावी लागते, एका बैठकीत एकच मुद्दा घ्यावा लागतो, मागच्या वेळचा सारांश पुन्हा सांगावा लागतो, ठरलेल्या गोष्टी ठळक अक्षरांत लिहून द्याव्या लागतात. लिहिता न येणाऱ्यासाठी दुसरी खूण शोधावी लागते. गुडघेदुखी, मधुमेह, जोडीदाराचा मृत्यू यांना उपचाराबाहेरचे विषय मानून चालत नाही. आणि तरुण रोग्याजवळ नसलेली एक गोष्ट वृद्धाजवळ भरपूर असते: निभावून नेलेल्या संकटांचा अनुभव. दुष्काळ, गिरणीचा संप, अकाली वैधव्य यांतून जो पार पडला, त्याला आपण तेव्हा काय केले होते याची आठवण करून देणे, हाच अनेकदा उपचाराचा गाभा ठरतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी ब्रिटनमध्ये विकसित झालेली, गटात बसून बुद्धीला चालना देण्याची चौदा बैठकींची पद्धत चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेने तेथील चालीरीतींना जुळवून वापरून पाहिली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढे तज्ज्ञ आणावयाचे कोठून, असा आक्षेप येथे येईल, आणि तो रास्त आहे. देशात लाख लोकसंख्येमागे एकही मनोविकारतज्ज्ञ नाही. २०२३ मधील संसदीय समितीच्या अहवालाने हे प्रमाण ०.७५ दिले होते. या आक्षेपाला सर्वांत समर्पक उत्तर गोव्याने दिले आहे. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने सामान्य कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्याकरवी नैराश्यावर समुपदेशन करविण्याचे प्रयोग केले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांतील एका गाजलेल्या प्रयोगात रोग्यांची वयोमर्यादा १८ ते ६५ होती. वृद्ध त्यातही बाहेरच राहिले. परंतु गोव्यातच साठीवरील माणसांसाठी स्वतंत्र प्रयोगही झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्याची काही लक्षणे दिसत आहेत, पण पूर्ण विकार जडलेला नाही, अशा १८१ जणांची त्यासाठी निवड झाली. पदवीधर तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित अशा कार्यकर्त्यांनी त्यांतील निम्म्यांना अडचणींचा क्रमवार विचार करण्यास शिकविले, झोपेची घडी बसवून दिली, मधुमेहासारख्या आजारांत स्वतःची काळजी कशी घ्यावी ते सांगितले आणि सरकारी योजनांचा लाभ मिळविण्यास मदत केली. वर्षभरात या ९१ जणांपैकी ४ जणांना नैराश्याचा पूर्ण विकार जडला. नेहमीचीच सेवा मिळालेल्या ९० जणांत तो १३ जणांना जडला. प्रयोग लहान होता, एका छोट्या राज्यातला होता आणि त्याची मुदत वर्षाचीच होती, हे मान्य करूनही त्यातून मिळणारा धडा स्पष्ट आहे. पेन्शनचा अर्ज भरून देणे आणि मनाला उभारी देणे यांत वृद्धाच्या दृष्टीने अंतर नसते, हे त्या कार्यकर्त्यांनी ओळखले होते.

दुसरा आक्षेप अधिक कठोर आहे. तरुणांच्या मनःस्वास्थ्यासाठीच जेथे पैसा पुरत नाही, तेथे वृद्धांवर तो का खर्चावा? असे विचारणारे एक गोष्ट विसरतात. निदान न झालेल्या वृद्धाचा भार शेवटी त्याच्या कमावत्या मुलावर, नोकरी सोडून घरी बसणाऱ्या सुनेवर किंवा मुलीवर आणि त्या घरात अभ्यास करू पाहणाऱ्या नातवंडांवर पडतो. याखेरीज, चाचणीचा कागद आता दवाखान्यापुरता राहिलेला नाही. जमीन, घर, बक्षीसपत्र यांच्या तंट्यांत म्हाताऱ्याचे चित्त ठिकाणावर होते की नव्हते, हा वाद नित्याचा झाला आहे. १८७२ च्या करार कायद्याने, करार करतेवेळी त्याचा अर्थ समजण्याची आणि आपल्या हिताचा विवेकाने निर्णय करण्याची क्षमता होती की नाही, एवढेच पाहावयास सांगितले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही उपचारांविषयीचा निर्णय समजून घेण्याच्या, त्याचे परिणाम ओळखण्याच्या किंवा तो कळविण्याच्या क्षमतेवर भर दिला आहे. निरक्षर विधवेला बेजबाबदार चाचणीत पडलेले अठरा गुण हे तिला स्वतःच्या घराविषयी निर्णय घेता येत नाही याचा पुरावा म्हणून कोणी पुढे केले, तर तो अन्याय शास्त्राच्या नावाने झालेला असेल.

आवश्यक ती चौकट कागदावर तयार आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्याला वृद्धांची तपासणी आणि जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा विभाग यांची तरतूद आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक साहाय्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. मात्र ज्याला ऐकू येत नाही त्याला दूरध्वनीचा उपयोग किती, याचाही विचार करावयास हवा. महाराष्ट्राजवळ गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि आशा कार्यकर्त्या आहेत. त्या साप्ताहिक तपासणीत रक्तदाबाबरोबर झोप, भूक, करमणे आणि विसरणे यांविषयी चार प्रश्न विचारले जावेत. कान व डोळे तपासल्याखेरीज कोणाच्या बुद्धीवर शेरा मारला जाऊ नये. राज्यातील विद्यापीठांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून जिल्हावार गुणांची मराठी कोष्टके तयार करवून घ्यावीत. आणि गोव्याच्या धर्तीवर प्रशिक्षित कार्यकर्त्यांचा प्रयोग विदर्भात व मराठवाड्यात एखाद्या तालुक्यात तरी करून पाहावा. यांतील कोणत्याही गोष्टीला नवे रुग्णालय बांधावे लागत नाही. लागते ती एवढीच तयारी की, म्हाताऱ्या माणसाचे उत्तर चुकले असे लिहिण्यापूर्वी प्रश्न बरोबर विचारला होता की नाही, हे तपासणाऱ्याने स्वतःला विचारावे.